देवळाच्या खांबापाशी घेतलेलं नाव

देवीवर मी इतकी चिडले होते की तिला हळदकुंकू वाहणंही सोडलं होतं. पलटणीतून समुद्रापार बसऱ्याच्या लढाईला गेलेले हे जिवंत परत यावेत म्हणून मी मंगळवार धरले, तिची ओटी भरली. हे आले. पण आलेला माणूस कोण, हेच मला कळेना. दार आपटलं तरी भिंतीला चिकटत. एकदा पान वाढलं म्हणून मी मागून हलकेच खांद्याला हात लावला, तर वळून माझा गळाच धरला. मग हे कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले, आणि त्या दिवसापासून माझ्या जवळ येईनात. हाक तरी कशी मारणार? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून आम्ही बायका गुपचूप जवळ जातो आणि हात लावतो.

थोरल्या दिरांनी भगताला आणलं. बसऱ्याचं भूत आहे म्हणे! देवीला कौल लावला, उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार, आणि भरदुपारी ह्यांना देवळाच्या खांबाला बांधून वेताने मारायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं मरण झेलून आलेल्या माणसाला, मुरूडच्या पुढचं जग न पाहिलेले लोक झोडपत होते आणि गाव हात जोडून बघत होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी देवीला तोंडावर विचारलं, "हाच का तुझा कौल?"

देवळासमोरच्या विहिरीवर एक म्हातारा मुसलमान खलाशी पाणी प्यायला थांबला होता. तो जवळ येऊन म्हणाला, "बाय, ह्याला भूत न्हाय. लढाईत आमची आगबोट फुटली, तवापासून मी बी असाच. मागून कुनी हात लावला की अंगावर जायचो. माझी आय लांबून, समोरून, नाव घेऊन हाक मारायची. मंग मला कळायचं, मी घरात हाय."

ह्यांची आई कधीच वारली होती, आणि दीर तर स्वतःच भगताला घेऊन आलेले. मग नाव घेणार कोण? मी समोर जाऊन उभी राहिले. देवीकडे पाहून मनात म्हटलं, आता तुझं तू बघ. आणि सगळ्या गावादेखत हाक मारली, "गणपत! मी हाय, घरची."

भगताचा हात थांबला. दीर ओरडले, "लाज न्हाय तुला?" वेताची लाज कुणाला वाटली नव्हती, माझ्या तोंडच्या नावाची वाटली! हे मात्र मान वर करून माझ्याकडे पाहत होते, आणि कित्येक महिन्यांनी त्या डोळ्यांत ओळख होती. मी दोर सोडले. कुणी आडवं आलं नाही. वळून पाहते तर खलाशी निघून गेला होता. त्याला कुणी धाडलं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. त्याच आठवड्यात देवीची ओटी मात्र भरली.

हे पुरते बरे झाले असं नाही, अजून दचकतात. पूर्वीचा नवरा परत दे, हे मागणं मी सोडलं. दिलास तो हाच, असं कबूल केलं तेव्हा माझा जीव निवला. गावावरचा राग गेलेला नाही, आणि तो सोड असं देवीनेही कधी सांगितलेलं नाही.

त्या दुपारी घरी येताना शेताच्या बांधावर हे थांबले. म्हणाले, "परत एकदा हाक मार."

मी मारली, आणि ह्यांनी माझा हात धरला.