राहीचे सात सामने

मंगलच्या गिरणीत दुपारी दोन ते चार दळण मिळत नाही. तशी पाटी नाही, पण कडेगावात सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी नवी सून त्या वेळात डबा घेऊन आलीच तर मंगल मान वर न करता म्हणते, "ठेव तिकडं. सामना चालू हाय." सून इकडंतिकडं बघते. टीव्ही नाही, मोबाइल नाही. वजनकाट्याशेजारी पत्र्याच्या टेबलावर कार्डं मांडलेली, सात इकडं, सात तिकडं, आणि पन्नाशीला टेकलेली एक बाई मुठीत दोन फासे खुळखुळवत स्वतःशीच भांडतेय.

सामना १९९३ सालचा असतो.

हे खूळ घरात आणलं तिच्या धाकट्या भावानं, विश्वजीतनं. तो फौजेत हवालदार होता. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत असताना छावणीतला एक अमेरिकन डॉक्टर रोज टेबलावर एकटाच बेसबॉल खेळायचा, पन्नास वर्षांपूर्वीचा आख्खा हंगाम. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, तो त्या साली जसा खेळला तसं भरलेलं. फासे टाकायचे, आकडा कार्डावर शोधायचा, काय घडलं ते वहीत मांडायचं. निघताना डॉक्टरनं एक जुना संच विश्वजीतला दिला. मंगलला बेसबॉल ओ की ठो कळला नाही. पण कार्डं अर्धा तास उलटीपालटी करून ती म्हणाली, "ह्या तर आकड्यांच्या गोष्टी हायत. आमच्याबी हायत की."

होत्याच. त्या साली बारा गावांच्या मुलींची कबड्डीची साखळी कडेगावच्या मैदानावर झाली होती. मंगल यजमान संघाची कर्णधार. पंचांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून दर सामन्यातली एकेक चढाई ती शंभर पानी वहीत टिपून ठेवायची, स्वतःच्या संघाची आणि दुसऱ्यांचीही. वही टिकली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून तिनं शंभरावर कार्डं केली. एका कार्डावर छत्तीस घरं, दोन फाशांची छत्तीस दानं. स्वतःच्या कार्डावर तिनं अठरा घरांत 'पकडली' असं लिहिलं.

"आक्का, जरा हात सैल सोड की," विश्वजीत म्हणाला.

"पकडलीच हुती, तर काय लिवू? हवेत उडाली म्हणून?"

राहीचं कार्ड मात्र वेगळं होतं. छत्तीसपैकी बावीस घरांत गुण.

राही कडेगावची नव्हती. दिवाळी सरली की आटपाडीकडच्या धनगरांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडांचे तांडे, मेंढरं घेऊन इकडं उतरायचे. ऊस निघालेल्या रानात चार-आठ रात्री कळप बसवायचा, खत शेतकऱ्याला, दाणे मेंढक्याला, की निघाले पुढच्या रानात. त्या साली राहीच्या बापाला गावात लागोपाठ रानं मिळाली आणि त्याची लेक मंगलच्या संघात आली. अनवाणी. सात सामने खेळली, सातही जिंकून दिले. मग रानं संपली, कळप हलला. सतरा वर्षांची मंगल पाणंदीत आडवी उभी राहिली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "सात सामन्यापुरतीच हुतीस व्हय गं? जा, मेंढरंच राख." राही बिऱ्हाड लादलेल्या घोड्यामागनं निघून गेली. अंतिम सामना शिराळ्यानं चार गुणांनी जिंकला.

आता डॉक्टरच्या खेळातला एक नेम असा की जो जितके सामने खरोखर खेळला, तितक्यांतच त्याला उतरवायचं. कोणत्या, ते तुम्ही ठरवा. मंगलनं हा नेम घेतला आणि तिथंच तिचा सगळा डाव ठरला. राहीचे सात सामने पुरवून पुरवून वापरायचे आणि एक अंतिमसाठी राखायचा. बत्तीस वर्षांपूर्वीचा तो एक सामना राहीसकट खेळायचा, बास.

"तुजीच कार्डं, तुजंच फासं, पंचबी तूच," विश्वजीत म्हणायचा. "खेळव की तिला तेराबी सामन्यांत. कोण इचारतंय?"

"मग फासं कशाला टाकू? नुस्ता निकालच लिवते."

कंजूषपणानं राहीला बसवून ठेवत संघ रखडत चौथा आला. साखळीतच राहीचे सहा सामने खर्ची पडले. उरला एक. आणि शिरवळविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या दुपारी गिरणीच्या दारात एक काळीसावळी, उंच बाई येऊन उभी राहिली. हातात डाळिंबांची पिशवी.

"चालू हाय म्हण की सामना," ती म्हणाली.

विश्वजीतनं आटपाडीत राहीला शोधून काढलं होतं आणि आक्काला सांगितलं नव्हतं. मंगलच्या हातातले फासे हातातच राहिले. पाणंदीतलं बोलणं तिला आठवलं, त्यावर काहीतरी म्हणायला हवं हेही सुचलं. पण तोंडातून निघालं ते असं, "बस. आठ गुणांनी मागं हाय."

राही बसली. कार्डं बघितली. आपलं नाव वाचलं.

"ही बाजूला का पडलीय?"

मंगलनं नेम सांगितला. राखून ठेवलेला सामनाही सांगितला, जरा ऐटीतच. राही शांतपणे ऐकून घेत होती, पण चेहरा उतरत गेला.

"आणि आज हरलीस तर? कुणासाठी राखलीस मला, उंदरासाठी?"

"अंतिमला तू पायजेस."

"तवाबी तुला अंतिमच पायजे हुता. माजं सात सामनं झालं, त्याचं काय न्हाईच." राहीचा आवाज चढला नाही. "आमच्या वाड्यावर कुणी पोरगी खेळली न्हवती कवा. म्या सात खेळले. वर्सभर मेंढरांमागं त्याच नादात हुते. आन तू काय म्हणालीस, आठवतंय का?"

"आठवतंय." मंगलनं चिडून फासे टेबलावर ठेवले. चिडली होती ती स्वतःवर, पण दिसलं नेहमीसारखंच. "चुकलंच माजं. तवाच कळलं हुतं. पर तू कुठं थांबलीस ऐकायला?"

"कळप थांबतुय व्हय गं?"

विश्वजीत दारात उभा राहून हसला, तेव्हा दोघींनी एकदमच त्याला गप्प बसवलं.

राहीनं स्वतःच आपलं कार्ड उचललं आणि पटात ठेवलं. उत्तरार्धात तिनं स्वतःच्या चढायांचे फासे स्वतः टाकले. पाचव्या चढाईला तीन गुण आले तेव्हा बाहेर दळणाला थांबलेल्या बायकाही खिडकीशी आल्या. शिरवळ दोन गुणांनी हरलं.

राहीचा सातवा सामना झाला.

दुसऱ्या दिवशी अंतिम, समोर पुन्हा शिराळाच. राही मुक्कामाला राहिली होती. विश्वजीतनं हळूच तिचं कार्ड पटाकडं सरकवलं. मंगलनं ते बघितलं, क्षणभर तसंच राहू दिलं, मग उचलून बाजूला ठेवलं. राही गालात हसली.

"खरा कसा झाला हुता हा?" तिनं विचारलं. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

मग मंगल एकेक दान टाकायची आणि त्या वेळी काय झालं होतं ते सांगायची. कोण घसरली, लोण कुठं चढला, शेवटच्या चढाईला मंगल कशी मध्यरेषेपासून वीतभर अलीकडं पकडली गेली. राही मध्येच टोकायची, "तितं डावीकडनं जायाचं हुतं तू." दळणं चारच्या पुढं खोळंबली. शेवटची चढाई परत मंगलच्याच कार्डावर आली. फासे राहीनं टाकले. पकडली. शिराळा एका गुणानं जिंकला.

मंगलनं वहीत निकाल लिहिला, खाली रेघ मारली.

"माजं कार्डच दळभद्री," ती म्हणाली.

"हायच." राही डाळिंब सोलत होती. "पयल्यापास्नं लाव परत. ह्या बारीला माजे सात कुठले, ते मी ठरवणार."

"तू काय ठरवणार? पयल्या सामन्याला न्हाई लागत तू, त्या पोरी दुबळ्या हायत."

"पयल्यालाच लागते. मला खेळायचंय."

मंगल तोंडाला येईल ते बोलली. राहीनं आपलं कार्ड ठेवलं आणि फासे तिच्यापुढं सरकवले.