दोन साडू आणि जुना ट्रान्सफॉर्मर

थोरले जावई वीज कंपनीच्या चाचणी विभागात इंजिनिअर होते. जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या संगतीत निम्मं आयुष्य गेलेलं, पण सासरी त्याची कधी कुणी विचारपूस केली नाही. धाकटे जावई इंजिनिअरिंग कॉलेजात विजेच्या विषयाचे प्राध्यापक. ते आले की सासूबाई स्वतः उठून त्यांना चांगली खुर्ची द्यायच्या. थोरल्यांना ते दिसायचं आणि आत कुठेतरी टोचायचं.

त्यात कंपनीनं एक काम काढलं. वस्तीलगतच्या उपकेंद्रातला जुना ट्रान्सफॉर्मर फार घुमतो अशा तक्रारी होत्या, म्हणून त्याभोवती बंद खोली बांधायची होती. तो किती उष्णता बाहेर टाकतो याचा अंदाज आल्याशिवाय खोलीचे पंखे ठरणार नव्हते, आणि कारखान्याचे मूळ कागद तर केव्हाच गहाळ झालेले. काम आपल्याकडेच येणार असं थोरले धरून चालले होते. साहेबांनी ते धाकट्यांना दिलं, सल्लागार म्हणून.

थोरल्यांची अन्नावरची वासना उडाली. धाकट्यांचा अहवाल आला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून वाचला, आणि चूक सापडली. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीज धाकट्यांनी नव्या ट्रान्सफॉर्मरच्या आकड्यांवरून धरली होती. जुन्या गाभ्याचा पत्रा वेगळा. भार नसला तरी तो तापतच राहतो. रविवारी पुरवठा दुसरीकडे वळवून थोरल्यांनी ट्रान्सफॉर्मर बिनभाराचा चालवला आणि मीटर लावला. आकडा अहवालातल्याच्या जवळजवळ दुप्पट आला. त्यांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बैठकीत त्यांनी आपले कागद सगळ्यांसमोर ठेवले. "अहवालातले पंखे लावले असते तर खोलीची भट्टी झाली असती," ते म्हणाले आणि साडूच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

धाकट्यांनी आकडे शांतपणे तपासले. "बरोबर आहे, माझं चुकलं. दादांनी मोजलं म्हणून वाचलो. अहवालावर त्यांचं नाव आधी घाला."

साहेबांनी धाकट्यांचा हात हातात घेतला. एवढा विद्वान माणूस, पण ताठा म्हणून नाही, असं बाहेर पडताना जो तो म्हणत होता. चूक कुणी शोधली, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. थोरले घरी पोचले तेव्हा बायकोला धाकट्या बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता.

"मन मोठं आहे हो त्यांचं," बायको म्हणाली.

थोरल्यांनी आपले कागद कपाटात ठेवून दिले.

मोठे पंखे बसले, खोली तापली नाही. पुढे दुसऱ्या उपकेंद्राच्या मोजणीसाठी धाकट्यांनी मदत मागितली, तेव्हा थोरले आढेवेढे न घेता गेले. दिवसभर दोघं शेजारी उभे राहून मीटर वाचत होते, हसतबोलत होते, आणि थोरले मनातल्या मनात साडूची आणखी एक चूक निघायची वाट बघत होते. ती निघाली नाही.