परातेकाकांचं हुकलेलं मत

गोदामात फोन जवळ ठेवता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं तेव्हा परातेकाकांच्या मुलीचे, वंदनाताईंचे चार कॉल येऊन गेले होते आणि खाली दोन शब्द होते, 'बाबा गेले.' हैदराबादच्या बाहेर मी फोर्कलिफ्ट चालवतो. तिथून नागपूर म्हणजे एका रात्रीचा प्रवास. ठेकेदाराने सुट्टी दिली नाही हे खरं, पण मीही ती दुसऱ्यांदा मागितली नाही, हे जास्त खरं. परातेकाकांच्या घरी जायची मला भीती वाटत होती... सहा आठवडे झाले, अजून वाटते.

आठवीतून शाळा सोडून भिवापूरकडच्या खेड्यातून मी नागपुरात आलो, तो कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलायला. काकांनी घरामागची खोली भाड्याने दिली. त्या खोलीत पूर्वी त्यांचा हातमाग होता. तो विकून टाकला होता आणि जमिनीतला त्याचा खड्डा बुजवला होता, पण पावसाळ्यात तेवढीच जागा खचायची. सकाळी ते ओसरीत पेपर वाचत आणि एक बातमी मला मोठ्याने वाचायला लावत. मी अडखळलो की म्हणायचे, "पुढं चाल गा, अक्षर काही चावत नाही." फोर्कलिफ्टच्या परवान्याचा पेपर मी सोडवू शकलो तो या ओसरीमुळे. आज चार ओळी लिहितोय, त्याही तिच्यामुळेच.

काका जन्मभर एका पक्षाचे. विणकरांची सोसायटी, रेशन, मुलीची शाळा, सगळं त्या पक्षाच्या हातून आलं असं ते मानत. मी बाजारातल्या पोरांसोबत समोरच्या पक्षात गेलो. तिथे बस्तीतल्या पुढाऱ्याने, आमच्या भाऊंनी, माझं शिक्षण विचारलं नाही. गाडीला झेंडा लावला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. काका चिडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "जा ना. पण काहून गेला ते तुले सांगता आलं पाहिजे."

मला सांगता येईना. मग माझा पक्ष मला त्यांनीच समजावून सांगितला.

"हे पाय, तुह्या पक्षाचं म्हणणं असं, का आधी देश एका मनाचा झाला पाहिजे. माणूस अभिमानानं ताठ उभा राहिला का पोटाचं आपोआप होते. आमचं म्हणणं असं, का आधी सगळ्याइच्या ताटात सारखं पडू दे, कोणाचा देव कोणता ते विचारू नको. पोट भरलं का एकी आपोआप होते. बाकी सारं भांडण याच्यातूनच निघते. आपोआप काहीच होत नाही, हे मात्र दोघंही सांगत नाही."

"पण काका, सरकारनं फुकट दिलं का माणूस आळशी होते. आमचे भाऊ म्हणतात."

"तुह्या भाऊले एक दिवस मागावर बसव. मंग इचार, आळस कशाले म्हणतात."

"अन् तुमच्या पक्षानं नळ देला, पाणी कोण द्याचं?"

यावर ते खोकला येईपर्यंत हसले. पुढे आमच्यात एक रीतच पडली, दुसऱ्याच्या पक्षावर बोलायचं तर आधी आपल्या पक्षाची एक खोट सांगायची. ते म्हणत, सोसायटीचं सूत आधी पुढाऱ्याच्या भाच्याले भेटे. मी म्हणे, आमच्या इथं प्रश्न विचारला का आपल्यावरच संशय घेतात. एवढं झालं की चहा.

निवडणुकीच्या आधी मतदारयाद्यांची दुरुस्ती निघाली. आमच्या बूथचं काम माझ्याकडे होतं. जे बस्ती सोडून गेले त्यांची नावं वगळण्यासाठी हरकतीचे अर्ज द्यायचे होते. कोणीतरी बंद घरं पाहून नावं भरून आणली होती. भाऊंनी चळत माझ्यापुढे ठेवली आणि बजावलं, "एकेक घर पाहून घेजो." मी पाहिलं नाही. त्या दिवशी कळमन्यात मिरचीची आवक जोरात होती, हमालीचे दोन पैसे जास्त मिळणार होते. सही करायची जागा दिसत होती, तिथे तिथे करत गेलो. नाव वाचत बसलो नाही. वाचायला मला इतरांपेक्षा वेळ लागतो... हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं.

काका तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी प्रताप नगरला, वंदनाताईंकडे होते. दीडेक महिना घराला कुलूप होतं. नोटीस त्या कुलपावरच येऊन गेली असेल.

मतदानाच्या दिवशी काका ऑटोतून उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यावर काळा चष्मा. आधी आपल्या पक्षाच्या टेबलावर गेले, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"तुह्या यादीत पाय बरं. आमच्यात सापडून नाही राहिलं."

मी पानावरून बोट फिरवायला लागलो आणि तिसऱ्या पानावर माझं बोट थांबलं. त्यांच्या नावावर 'वगळले' असा शिक्का होता. ती चळत, त्या सह्या, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. तरी मी पुढची पानं उलटत राहिलो.

"कटलं काका."

"तूच तं नाही काटलं?" ते हसून म्हणाले. शेजारची पोरंही हसली. मी पण हसलो.

बोलायची तीच वेळ होती. आपली खोट आधी सांगायची, ही आमचीच रीत. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि माझ्याच टेबलाशी बसून राहिले. संध्याकाळपर्यंत दोन्ही टेबलांवरच्या म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्या शोधून देत होते. कोणाची कोणती खोली, कोणाच्या बापाचं नाव काय, त्यांना सगळं पाठ. काळ्या चष्म्यातूनच ते लोकांना ओळखत होते, आवाजावरून.

चार महिन्यांनी हैदराबादचं काम मिळालं. पगारासाठी आलो, असं सगळ्यांना सांगितलं. काकांनी पुन्हा अर्ज करून बस्तीतच नाव घालून घेतलं. फोनवर ते कळवताना आवाजात लहान मुलासारखी खुशी होती. पण पुढची निवडणूक यायच्या आतच ते गेले.

मागच्या आठवड्यात वंदनाताईंचा फोन आला. "बाबाचं नाव काढाचं आहे यादीतून. तुले ते अर्ज माहीत आहे ना, भाऊ? भरून देतं काय?"

मग मला सांगावंच लागलं. ताई, पहिल्यांदाही मीच काढलं होतं.

मागे कुकरची शिटी झाली. त्या म्हणाल्या, "मतदानाच्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाही. मले वाटलं, ऊन लागलं." कुकर उतरवल्याचा आवाज आला. "राहू दे. अर्ज मीच भरीन."

यादी आता फोनवरही दिसते. काल खोलीवर बसून मी बस्तीची यादी उघडली आणि एकेक ओळ वाचत गेलो. दोन तास लागले. काकांचं नाव अजून आहे, अगदी शेवटच्या पानावर, नव्याने घातलेल्या नावांमध्ये. त्याच्या बरंच आधी, त्याच घराच्या पत्त्यावर माझंही आहे. मी तिथे दोन वर्षांपासून राहत नाही. कोणी हरकत घेतलेली नाही.