पोंपोंकाकू आणि तीन आखूड हॉर्न

पोंपोंकाकू हे नाव मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं. काकू गाडी शिकल्या त्या नाइलाजाने. नवऱ्याचा मणका सरकला, डॉक्टरांनी त्याला फळीवर झोपवलं आणि बेकरीची पावाची गाडी अंगणात उभी राहिली. गाडी उभी म्हणजे चूल आडवी. तिसऱ्या दिवशी काकूंनी किल्ली उचलली. पहिल्या आठवड्यात दोन कुंपणं आणि एक कोंबडी गेली, पण पाव रोज वेळेवर आला.

आमची वस्ती म्हणजे डोंगराच्या पायथ्याने जाणारा एकच लांबलचक रस्ता आणि त्याच्या कडेला अकरा फाटकं. घरं फाटकापासून बरीच आत, शेतांमध्ये. फोनला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. त्यामुळे काकूंचा हॉर्न हाच आमचा निरोप. एक लांब म्हणजे पाव आला, पिशवी घेऊन रस्त्यावर या. तीन आखूड म्हणजे संपला, उगाच चपला झिजवू नका. हॉर्नही साधासुधा नव्हता. गॅरेजवाल्याने एका मोडक्या ट्रकचा काढून बसवून दिलेला. "काकू, हा वाजला की मेलेलं माणूस उठून बसेल," असं तो म्हणाला होता.

काकू आठच्या ठोक्याला पहिल्या फाटकाशी यायच्या. दहा मिनिटं जरी उशीर झाला तरी निम्मी वस्ती रस्त्यावर. "काय बिघडलं आज, गाडी की नवरा?"

अकरावं, शेवटचं फाटक काकूंच्या सासूबाईंचं. त्या थोरल्या मुलाकडे राहायच्या. तो पहाटेच कामावर जायचा. सून गाडी चालवायला लागली त्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं होतं, "बाईने चालवलेल्या गाडीत मी मेले तरी पाय ठेवणार नाही." त्याला सहा वर्षं झाली होती. पाव मात्र त्याच गाडीतला लागायचा, आणि तोही स्वतः अंगठ्याने दाबून बघितलेला. काकू कधी बोलल्या नाहीत, पण सगळा माल संपला तरी सीटमागे एक पाव सासूचा ठेवलेला असायचाच. म्हणून तीन आखूड ऐकून बाकीचे मागे फिरायचे आणि सासूबाई पुढे यायच्या.

त्या सकाळी काकू वस्तीआधीच्या पुलावर पोचल्या तर हवालदारांनी जीप आडवी लावलेली. एकटेच होते.

"काकू, मागे फिरा. गॅरेजवाल्याला गोळी घातली. गिरणीवरच्या दोघांना घातली. निळी गाडी आहे, खाणीच्या आडवाटेने वस्तीकडे वळलीय. रस्त्यावर माणूस दिसला की झाडतोय."

"कोण?"

हवालदारांनी सांगितलं. मी ते नाव लिहीत नाही, आमच्याकडे आता कोणीच घेत नाही. रानडुकरांसाठी बंदूक बाळगणारा, टेकडीपलीकडचा माणूस. दर मंगळवारी काकूंकडून टोस्टची दोन पाकिटं घ्यायचा आणि सुटे पैसे बरोबर आणायचा. का केलं, ते त्याला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

"वस्तीत कळवलंत?" काकूंनी विचारलं.

"कसं कळवणार? कुणाचा फोन लागत नाही. मला पूल सोडायचा हुकूम नाही. जादा माणसं यायला तास लागेल."

"सायरन वाजवून बघा की इथूनच." मग काकू स्वतःच म्हणाल्या, "नको नको. सायरन ऐकला तर आपली माणसं लेकराबाळांसकट बघायला येतील."

घड्याळात आठला पाच कमी होते. काकूंना डोळ्यांपुढे दिसायला लागलं, अकरा फाटकं आणि पिशव्या घेऊन उभी माणसं. आपण गेलो नाही तर ती आपली वाट बघत रस्त्यावर येणार, आणि तिथेच सापडणार.

"बाजूला घ्या जीप," त्या म्हणाल्या. "तीन आखूड देत जाते. सगळे घरात जातील."

"आणि तुम्हाला काही झालं तर साहेबांना मी काय सांगू?"

"सांगा, बाई ऐकत नव्हती. माझा नवराही साक्ष देईल."

गाडीतल्या देवाच्या तसबिरीला हात लावून काकू निघाल्या. मागे दोनशे पाव भरलेले, आणि फाटकाफाटकाशी हॉर्न सांगतोय, संपला, संपला, संपला.

आमचं फाटक चौथं. मी निम्म्या वाटेवर आले होते. तीन आखूड ऐकले आणि म्हटलं, "मेलीने सगळा माल बाहेरच्या बाहेर विकला वाटतं!" आणि पाय आपटत घरात गेले. या शिवीबद्दल मी देवाची माफी मागितली आहे, काकूंची अजून मागायची आहे.

सातव्या फाटकाशी काकूंना आठवलं. सासूबाई! तीन आखूड दिले तर त्या हमखास बाहेर येणार. नाही दिले तरी आठपासून फाटकाजवळच्या दगडावर बसलेल्याच असणार. काकूंनी उरलेल्या फाटकांशी हॉर्न दिला आणि गाडी अशी दामटली की मागचे पाव फळ्या सोडून नाचायला लागले.

सासूबाई दगडावर होत्याच, पिशवी मांडीवर.

"ठेवलाय ना माझा?"

"ठेवलाय. आई, आधी गाडीत चढा."

"मी काय पाव आहे गाडीत चढायला?"

"अहो, एक जण बंदूक घेऊन फिरतोय! माणसं मारलीत त्याने!"

"मग मला घरात जाऊ दे."

घर छप्पन्न पायऱ्या वर. सासूबाईंचे गुडघे म्हणजे पायरीगणिक एक मुक्काम. सगळा जिना रस्त्यावरून स्वच्छ दिसतो. आणि मागच्या वळणावर धूळ उठलेली.

"आई, तुमच्या पाया पडते, चढा."

"सहा वर्षं शब्द पाळलाय. एका पावासाठी मोडू?"

काकूंनी मागचं दार सताड उघडलं. "बरं, नका चढू. पण आज भरलेली गाडी आणलीय. दोनशे आहेत. तुमचा तुम्हीच निवडा."

शेवटच्या फाटकाला भरलेली गाडी सहा वर्षांत कधी आली नव्हती. सासूबाई वाकल्या. "हा करपलाय. हा नको. तो आतला..." आतल्यापर्यंत हात पोचेना. एक पाय आत गेला. तेवढ्यात मागून सुनेचा खांदा लागला आणि धाडकन दार बंद झालं.

"अगं ए भवाने!"

काकूंनी गाडी शेताच्या वाटेला घातली आणि जुन्या वीटभट्टीच्या भिंतीआड नेऊन उभी केली. आतून पत्रा बडवणं चालूच होतं. मग रस्त्याकडून एका गाडीचा आवाज आला, जवळ आला, लांब गेला. पत्रा बडवणं थांबलं. बऱ्याच वेळाने आतून बारीक आवाजात विचारणा झाली, "सूनबाई, तू आहेस ना गं?"

"आहे, आई."

दुपारी तो दगडाच्या खाणीपाशी सापडला. सहा माणसं गेली, सगळी पुलाच्या पलीकडची. हवालदारांनी नंतर सांगितलं, निळी गाडी आमच्या रस्त्याने टोकापर्यंत जाऊन आली होती. एकाही फाटकाशी माणूस नव्हतं. सासूबाईंची पिशवी मात्र रस्त्यात सापडली, तिच्यावर चाकाचा ठसा होता.

देवाने आम्हाला वाचवलं, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. गॅरेजवाल्याच्या बायकोनेही त्या सकाळी हात जोडलेच होते. तिच्यासमोर असं बोलवत नाही. मी रोज त्या सहा जणांची नावं घेते. त्या दिवशीचे पाव काकूंनी त्या सहा घरी नेऊन दिले. थोडे चेपले होते.

तेव्हापासून काकूंनी तीन आखूड बंद केले. पाव संपला तर उतरून सांगतात. पण हाताची सवय ती सवय. परवा आमच्या फाटकाशी बोटं फसली आणि पों, पों, पों झालं. क्षणात सगळीकडे खिडक्या आपटल्या, कड्या लागल्या. मीसुद्धा नातवाला ओढून दाराआड उभी राहिले. काकू बिचाऱ्या फाटकाफाटकाशी उतरून ओरडत गेल्या, "अहो, पावच संपलाय! खरंच नुसता पाव संपलाय!"

अकराव्या फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांना रडू फुटलं होतं. सासूबाई नेहमीच्या दगडावर, नवी पिशवी मांडीवर. हॉर्न त्यांनीही ऐकला होता.

"आई, तुम्ही तरी घरात जायचं होतं!"

"मी कशाला जाऊ? माझा तू ठेवलेला असतोच." सासूबाई उठल्या, पुढचं दार स्वतः उघडलं आणि सीटवर बसत म्हणाल्या, "डोळे पूस आधी. बाई रडत गाडी चालवते, असं लोकांना म्हणायला नको."