आठ नंबरची जागा

वेल्सच्या डोंगरात आमच्या पलटणीची आठ जणांची टीम लष्करी गस्तीच्या स्पर्धेला आली, तेव्हा मी हवालदार होतो. आज निवृत्त सुभेदार म्हणून लेकीकडे कार्डिफला राहतो. ते डोंगर इथून तासाभरावर आहेत, पण मी परत तिकडे फिरकलो नाही.

नियम सोपा होता. साठ किलोमीटर, पाठीवर पंचवीस किलो. आठही जण एकत्र पोहोचले तरच टीम धरली जायची. एक गळाला की सगळ्यांची मेहनत पाण्यात.

मी सात नंबर. माझ्या मागे, सगळ्यात शेवटी, नाईक सर्जेराव. पलटणीचा क्रॉस-कंट्री चॅम्पियन. एवढा तेज माणूस शेवटी कशाला, असं मी कॅप्टनसाहेबांना विचारलं होतं. दमलेल्याच्या मागे रिकामी वाट नको, म्हणाले. मला काही ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०९४० ला दलदलीत माझा घोटा मुरगळला. नऊ किलोमीटर बाकी होते. मी खाली बसलो आणि मला सोडून द्या म्हणालो. रेडिओवर चेकपॉइंटने विचारलं, "वन मॅन आउट? कन्फर्म."

सर्जेरावने माझ्या पॅकमधलं निम्मं सामान आपल्या पॅकमध्ये कोंबलं. "हवालदारसाहेब, त्या मेंढीपर्यंत चला. मग व्हा आउट."

मी उठलो. कॅप्टनसाहेबांनी सेट तोंडाशी धरला. "निगेटिव्ह. एट मेन, मूव्हिंग. ओव्हर."

मेंढी कुठली जागेवर थांबते! आम्ही जवळ गेलो की ती पुढे सरकायची, नाहीतर सर्जेराव दुसरी दाखवायचा. आईवरची सोडून बाकी सगळ्या शिव्या मी त्याला दिल्या. तो एकदाही माझ्या पुढे गेला नाही. १३१५ ला आठही जणांनी रेषा ओलांडली.

दोन वर्षांनी उत्तर सीमेवर त्याच्या गस्तीवर हिमकडा कोसळला. तो शेवटी होता. पुढचे सगळे वाचले. बातमी आली तेव्हा मी जवानांसमोर रडलो. त्याची लाज वाटली नाही.

आता दर शनिवारी सकाळी नऊला इथल्या पार्कात पाच किलोमीटरची धाव असते. केशरी जाकीट घालून सगळ्यांच्या मागे राहायचं काम मी मागून घेतलंय. गेल्या शनिवारी माझ्या पुढे अनुजा होती. मूळची नागपूरची, इथे हॉस्पिटलात नर्स. तिची केमो संपून चार महिने झालेत. तिसऱ्या किलोमीटरला ती गुडघ्यांवर हात ठेवून थांबली.

"काका, माझ्यामुळे तुम्हाला लेट होतंय. यू कॅरी ऑन, प्लीज. मला नाही जमणार."

"त्या बाकापर्यंत चल. मग थांब."

बाक आला. मी पुढचा दाखवला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की शिव्या मला न बोलताच ऐकू आल्या. पण ती चालली, मग हळूहळू धावली. पाचव्या बाकाशी तिने विचारलं, तुम्ही नेहमी मागेच का राहता?

"ही नाईक सर्जेरावची जागा आहे," मी म्हटलं. "मी बदली ड्यूटीवर."

१००५ ला तिने रेषा ओलांडली. मग मी.