काझाला दोन मुक्काम

माझे मामा माझ्याशी खोटं बोलले आणि मी ते तपासलं नाही.

आज त्यांचा तेरावा. दत्तामामा, जळकोट. वय चौसष्ट.

एकतीस वर्षं लाल बस चालवली. उमरगा, सोलापूर, तुळजापूर, परत उमरगा. आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि मला फोन केला.

"स्पिती कुठं हाय गं?"

मी सांगितलं. हिमाचलच्या पार टोकाला. झाड नाही, रेंज नाही, नजर जाईल तिथपर्यंत दगड.

"मग तिथंच जायचं. एकतीस वर्षं दुसऱ्यानं पाटी लावली तिकडं गाडी नेली. आता पाटी म्या लावणार."

मी सिव्हिल इंजिनिअर. रस्त्यांच्या सर्व्हेचं काम करते. त्यामुळे प्लॅनिंग माझ्याकडे आलं. मी शीट बनवली. रोजचं अंतर, उंची, डिझेल, झोपायचं ठिकाण. शिमला, किन्नौर, नाको, काझा, कुंझुम खिंड, मनाली. माणसं तीन: मामा, मामी, मी.

स्टिअरिंग फक्त मामांकडे. ही त्यांची एकच अट.

भांडण एका ओळीवरून झालं. काझा, दोन मुक्काम.

"एका गावात दोन मुक्काम? मला सस्पेंड केलंय का?"

"मामा, शरीराला उंचीची सवय व्हायला वेळ लागतो."

"मुक्कामाची गाडी सकाळी सहाला निघती. दुसऱ्या दिवशी बी तिथंच उभी दिसली तर गाव विचारतंय, ड्रायव्हर, काय मोडलं?"

"तिथलं गाव नाही विचारणार."

"म्या विचारीन की मलाच."

मी ती ओळ काढली नाही. ते कॅलेंडरच्या पानामागे आपला वेगळा प्लॅन लिहायचे, त्यात काझाला एकच रात्र. मी दुरुस्त करून परत द्यायचे. असं तीनदा झालं. मग त्यांनी माझं नाव कंट्रोलर ठेवलं. बसस्टँडवर गाड्या सोडणारा माणूस. त्यानंतर प्रत्येक फोन असाच सुरू व्हायचा.

"कंट्रोलर साहेब, गाडी सोडता का?"

जूनमध्ये मी शीटला एक कॉलम वाढवला. मेडिकल.

कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथं ऑक्सिजन इथल्यापेक्षा खूप कमी मिळतो. मी सांगितलं, हृदयाची तपासणी करा. रिपोर्ट नाही तर ट्रिप नाही.

चार दिवसांनी फोन.

"झालं. फिट हाय."

"रिपोर्टचा फोटो पाठवा."

"मामीला फोटू काढता येत न्हाय. आलीस की बघ. आन् ऐक, ते तुझे दोन मुक्काम बी मंजूर."

तीन महिने जो माणूस एका रात्रीसाठी भांडला, तो एका फोनमध्ये तयार झाला.

मला वाटलं, मी जिंकले.

शीटमध्ये लिहिलं: फिट.

सर्व्हेत मी कोणतंही रीडिंग दोनदा घेतल्याशिवाय लिहीत नाही. हे एकदाच घेतलं. तेही फोनवर.

निघायला एकोणीस दिवस होते. मामांनी सकाळी जीप धुतली आणि ओट्यावर टेकले. मामींना म्हणाले, चहा टाक. मामी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मामा गेलेले होते.

दहाव्याचं सामान आणायला मी जीप काढली. एक टायर बसला होता. स्टेपनी उचलली तर खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइल.

सोलापूरच्या डॉक्टरांची. मला दोन ओळी पुरल्या. अँजिओग्राफी तातडीने करावी. उंचीवर जाऊ नये.

मी फाइल घेऊन मामींकडे गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय." त्यांनी फाइलकडे बघितलंही नाही. "शपथ घातली हुती मला."

"का पण?"

"डेपोत मेडिकलला नापास झाला की ड्रायव्हर गेटवर बसायचा. वही घिऊन, आलेल्या गाड्या लिहीत. हे म्हणायचे, त्यो माणूस तिथंच संपला बघ. म्हणले, पोरीला कळलं तर ती जाऊ देणार न्हाय. एकदा तेवढं फिरून येतो, मग काय चिरायचं ते चिरू दे डॉक्टरला."

मी फाइल परत पिशवीत घातली.

"जाऊ दिलं असतंस का गं?"

"नाही."

"मग बरोबर वळखलं हुतं तुला." मग म्हणाल्या, "म्या शपथ मोडाय पाहिजे हुती."

"मामी, तो कॉलम मी भरला. तपासायचं काम माझं होतं."

त्यांनी माझा हात धरला. आमच्या दोघींत कोणाची चूक मोठी, याचा निकाल लागला नाही.

हे इथं लिहिते आहे, कारण तुमच्याही घरी कोणीतरी फोनवर "फिट आहे" म्हणत असेल. कागद स्वतः हातात घेऊन वाचा.

फाइल सापडल्यापासून माझा हिशोब एकाच जागी अडतो आहे.

मला खरं कळलं असतं, तर मी ट्रिप त्याच दिवशी रद्द केली असती. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. दिवाळीला मी जळकोटला गेले असते, तर ते तोंड फिरवून बसले असते. "पाहुणीला चहा द्या," असं मामींना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले असते, माझ्याकडे न बघता.

वर्षभर. कदाचित दोन वर्षं. त्यांचा राग लवकर जात नसे.

मला चाललं असतं, मामा.

तुम्ही ओट्यावर हवे होतात. रागावलेले का असेना.

नमस्कार करते.