काकूचा होकार

"गाडी मंग पाहू. पयले गाडी उभी राह्यते थे जागा दाखवा."

जुनी पिकअप पाहायला गेली की काकूचं पहिलं वाक्य हेच. विकणारा बिचारा गाडी धुऊन-पुसून, नवं लिंबू-मिरची टांगून उभा असायचा, आणि ही बाई गाडीकडं पाठ करून त्याच्या अंगणात शिरायची. गाडी रोज जिथं उभी राहते तिथं उकिडवी बसायची. जमिनीवर डाग आहे का, आहे तर मधोमध आहे की चाकापाशी, जुना आहे की ओला, ते निरखायची. बोट लावून वास घ्यायची. तिथल्याच मातीला बोट पुसून उठायची.

"इंजिन गळून राह्यलं बावा तुयं. पण थोडंसंच. चालते." नाहीतर मग, "चाकापाशी वलं हाये. हे बिरिकचं तेल. चाला, घरी जाऊ."

आणि मंडळी खरंच घरी जायची. विकणारा मागून भाव कमी करत यायचा, पण कुणी वळून पाहायचं नाही.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी काठावर. कापूस आणि ज्वारी पिकवणारं. काकू आमच्या भावकीतली, दोन घरं सोडून राहायची. तिच्या दोन एकरांत वांगी, मिरच्या, वालाच्या शेंगा असायच्या. वीस-बावीस वर्षं ती हा माल भाड्याच्या पिकअपमध्ये घालून आदिलाबादच्या बाजाराला नेत आली. स्वतः मागं हौद्यात, पोत्यांवर बसून. तिनं कधी गाडी चालवली नाही. बोनेट उघडून आत पाहिलं नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी आसपासच्या दहा गावांत कुणालाही जुनी पिकअप घ्यायची झाली की काकूला घेऊन जायचं, हा रिवाजच पडला होता.

आता माझं सांगतो. मी आदिलाबादला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. पंधरा वर्षं झाली. माझ्या वर्गात एक अख्खं इंजिन मधोमध कापून ठेवलंय. जुनी गाडी घेताना काय काय तपासावं याची दोन पानी यादी मी स्वतः तयार केलीय, आणि ती पोरांना पाठ करायला लावतो. पण माझ्या गावातल्या एकाही माणसानं मला कधी म्हटलं नाही, "मास्तर, जरा येता का, एक गाडी पाहायची हाये."

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याला जे शिकून येतं ते दुसऱ्याला न शिकता येत असलं की मन कसं जळतं. हेवा म्हणतात त्याला. मी तो बरीच वर्षं बाळगला. सणावाराला गावी गेलो आणि पारावर कुणी म्हणालं, "काकूनं निवडून देल्ली गाडी, तीन वर्सं झाले, हात लावा लागला नाई," की मला तिथून उठावंसं वाटायचं.

तिची एक तऱ्हा तर मला फार डाचायची. एकदा शेजारच्याला गाडी घ्यायची होती. निर्मलला एकाकडं पाहायला गेले. मीही सुट्टीवर होतो म्हणून बरोबर गेलो. मालक गाडीचे गुण गात होता. काकू त्याच्या बायकोशी तेलुगूत गप्पा मारत बसली. माहेर कुठलं, आई आहे का, किती दिवसांनी जाणं होतं. मग सहज विचारल्यासारखं, "मग या गाडीतच जात असशील?"

ती बाई हसून म्हणाली, "नाही अम्मा, बसनं."

काकू बाहेर आली आणि शेजाऱ्याला म्हणाली, "बायकोले मायेरी न्याचा भरोसा नाई त्याले या गाडीचा. आपुन काऊन घ्याची?"

सगळे खळखळून हसले. मीही हसलो. पण मनात म्हटलं, हे काय तपासणं झालं? इंजिनचा दाब कुणी पाहिला का? क्लच कुणी पाहिला? ती गाडी पुढं दुसऱ्या कुणीतरी घेतली आणि दोन महिन्यांत तिचा गिअरबॉक्स बसला, असं कळलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

मग माझ्या वडिलांनीच पिकअप घ्यायचं ठरवलं. आपला कापूस बाजाराला न्यायचा, बाकीच्या दिवसांत भाड्यानं चालवायची, असा त्यांचा विचार. मला फोन आला.

"आयतवारी ये. गाडी पाहायले जायचं हाये. वैनी येऊन राह्यली."

वैनी म्हणजे काकूच. वडील तिला वैनी म्हणायचे, ती त्यांना भाऊजी.

"काकू येते तं मी कायले येऊ, बाबा?"

"कागद कोन वाचीन? तिले वाचता येत नाई."

मी फोन ठेवला. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. पंधरा वर्षं शिकवून मी माझ्या बापाच्या लेखी कागद वाचणारा होतो.

रविवारी आम्ही तिघं गेलो. गाडी गावाबाहेर एका दलालाच्या आवारात होती. पांढरी, चकचकीत, नवे टायर, आत उदबत्तीचा वास. ओळीनं पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या आणि खाली सिमेंटचा कोबा. काकूचं पहिलं वाक्य इथं चाललं नाही. गाडी कालच इथं आणून लावलेली, त्यामुळं जमीन काही सांगत नव्हती. माहेरची चौकशी करावी अशी मालकीणही नव्हती. काकू जरा घुटमळली. मग नेहमीसारखी मागच्या हौद्यात चढली आणि बरोबर चाकांच्या वर, स्प्रिंगचे पाटे असतात तिथं, मांडी घालून बसली. दलालानं रस्त्यावर एक चक्कर मारून आणली.

"पाटे चांगले हायेत," ती उतरून म्हणाली. "वझं लई नाई वाह्यलं इनं. आवाजबी साफ हाये. घ्या भाऊजी."

वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडं कागद सरकवले.

मी कागद बाजूला ठेवले आणि गाडीत शिरलो. खरं सांगतो, बापाची फसगत होऊ नये म्हणून नाही शिरलो. गाडीत खोट सापडावी म्हणून शिरलो. माझ्याच बापाच्या गाडीत काहीतरी मोठं वाईट निघावं, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो.

इंजिन ठीक होतं. क्लच ठीक होता. मग मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरून ओढायला लागलो. रोज आपण ओढतो त्याच्या पुढं, अगदी शेवटपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला आणि त्यावर पिवळट गाळाची आडवी रेघ होती. सीटखालचं रबर उचललं. बोल्ट गंजून फुगलेले. मागच्या दिव्याच्या काचेत, कोपऱ्यात, पिठासारखी बारीक माती बसलेली. ही गाडी कुठल्या तरी पुरात छातीइतक्या पाण्यात उभी राहिली होती. वरून धुऊन-रंगवून आणलेली. सहा महिन्यांत तिच्या वायरी सडून गेल्या असत्या.

"बाबा!" मी ओरडलो. इतक्या जोरात की आवारातली दहा माणसं वळली. "ही बुडालेली गाडी आहे!"

दलाल आधी नाही म्हणाला, मग "मला तरी काय माहीत साहेब, नदीपलीकडून आलीय," म्हणाला. मी काकूकडं पाहिलं. या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहत होतो.

ती पुढं आली. पट्ट्यावरची माती तिनं नखानं खरवडली. वास घेतला.

"मी चुकली भाऊजी," ती म्हणाली. "हे गाडी नोका घेऊ." मग माझ्याकडं वळून, "कसं पाह्यलं तुमी? मले दाखवा."

माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई, पण मला तुमी म्हणायची. मी दाखवलं. तिनं तीनदा तो पट्टा स्वतः ओढून पाहिला.

गावात आल्यावर तिनं ज्याला-त्याला सांगितलं. पारावर, विहिरीवर, बाजारात. "मी डुबवत होती भाऊजीले. मास्तरनं वाचवलं." मला वाटलं, आता आपली पाळी. पण झालं काय, ऐका. पंधरा दिवसांनी गावी गेलो तर लोक बोलत होते ते काकूबद्दलच. "आपली चूक अशी चारचौघांत कबूल करनारा मानूस पाह्यला का कुठं?" वडीलही म्हणाले, "मानूस असा पाह्यजे." सीटबेल्ट कुणी ओढला होता ते लोक विसरले. तिचा कबुलीजबाब तेवढा लक्षात राहिला. हरूनही तीच मोठी झाली. माझा हेवा तेव्हा कमी व्हायचा तर दुपटीनं वाढला.

त्यानंतर मात्र तिनं एक केलं. कुणीही बोलवायला आलं की ती म्हणायची, "मास्तर येत असन तं मी येतो." मग रविवारी आम्ही दोघं निघायचो. निर्मल, नेरडीगोंडा, एकदा तर दोन बस बदलून पार बेज्जूरकडं. ती जमीन पाहायची, मी बोनेट उघडायचो. सीटबेल्ट मात्र तीच ओढायची, दोन्ही हातांनी, दोरखंडासारखा. लोक म्हणायचे, "काकूची नवी युक्ती पाहा." ती लगेच म्हणायची, "मायी नाई, हे मास्तरची हाये." लोक माना डोलवायचे आणि पुन्हा म्हणायचे, काकूची युक्ती.

वडिलांची गाडी आम्ही नेरडीगोंड्याला एका दूधवाल्याकडून घेतली. त्याच्या बायकोनं सांगितलं, गेल्या महिन्यातच या गाडीतून माहेरी जाऊन आले. काकूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा कुठं ती वडिलांना म्हणाली, "घ्या."

त्या दिवशी वडील गाडी घेऊन पुढं गेले. काकूला कुणा नातलगाकडं जायचं होतं म्हणून आम्ही दोघं मागून बसनं आलो. वाटेत मी विचारलं, "काकू, तुमाले तं सारं समजते. मले काऊन संगं नेता?"

"मले गाडी नाई समजत मास्तर," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मले भेव समजते."

मग तिनं तिच्या धाकट्या जावेची गोष्ट सांगितली. बाजाराला जाताना पिकअप उलटून ती गेली, एवढं मला माहीत होतं. तेव्हा मी शिकायला बाहेर होतो. मला माहीत नव्हतं ते हे, की त्या सकाळी नेहमीचा गाडीवाला आला नव्हता, आणि दुसरी गाडी काकूनंच हात दाखवून थांबवली होती.

"बिरिक नाई लागले. घाटातच समजलं. ड्रायव्हर आदल्या दिसापासून थे गाडी तशीच चालवून राह्यला होता. त्याच्या घरापुढं तेल सांडून होतं म्हने. आमच्यापुढं थांबली तिथंबी सांडलं असन, पण सकाळी कोन पाह्यते जमिनीकडे? म्या नाई पाह्यलं."

जाऊ तिच्या शेजारीच, वांग्यांच्या पोत्यावर बसली होती. काकूला नुसतं खरचटलं.

त्यानंतर तिनं दुसऱ्यांच्या गाड्यांकडं पाहायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. बाजारात उभ्या गाड्यांखाली वाकून पाहायची, लोक आधी हसायचे.

मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण वाटला. माझ्या दोन पानी यादीत सगळं होतं, पण त्या यादीतल्या एकाही ओळीसाठी मी कधी रडलो नव्हतो. लोकांना ते न सांगता कळत असावं. माझं पाहणं परीक्षेचं होतं. बस आदिलाबादला पोचली. उतरताना तिची पिशवी मी घेतली. तिनं ती घेऊ दिली.

पुढं तिचे गुडघे गेले. हौद्यात चढता येईना. मुलगी वणीला असते, तिनं आपल्याकडं नेलं. जाताना काकू घरी आली होती, पण मी आदिलाबादला होतो. वडिलांकडं निरोप ठेवला, "मास्तरले म्हना, पावसाळ्यात आलेल्या गाड्या नीट पाहत जा." वर्षभरात ती तिकडंच गेली. आम्हाला कळलं ते तेरावं झाल्यावर.

आता लोक मला बोलवतात. खरंच बोलवतात. गेल्या महिन्यात नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यातलं जोडपं आलं. टमाटे लावतात, माल न्यायला जुनी पिकअप हवी होती. त्यांच्याबरोबर गेलो. सकाळी नऊपासून बारापर्यंत मी त्या गाडीत, गाडीखाली, गाडीभोवती होतो. यादीतलं काहीही सोडलं नाही. कागद तपासले. शेवटी कपडे झटकून म्हणालो, "चांगली आहे. घ्या."

नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं. बायको जरा अडखळली, मग म्हणाली, "सर, राग नका मानू. थे काकू असती तं काय म्हनली असती?"

तीन तासांची माती माझ्या पाठीला लागलेली. आणि तो जुना ओळखीचा चटका उठला, तसाच, छातीच्या मधोमध. मेलेल्या माणसाचा हेवा करता येतो हे मला त्या दिवशी कळलं. काकू काय म्हणाली असती, मला खरंच माहीत नव्हतं. ती असती तर मीही तिच्याच तोंडाकडं पाहत उभा राहिलो असतो.

"घ्या म्हणली असती," मी म्हणालो.

त्या बाईचा चेहरा मोकळा झाला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विकणाऱ्याच्या बायकोकडं गाडीला लावायला चिमूटभर कुंकू मागितलं.